पाण्यानें दिलें, पाण्यानें नेलें



केस धुण्यासाठीं आपल्याकडे जी मुलतानी माती वापरीत आले आहेत, तिच्या भाऊबंदांनीं गेल्या शतकांत लढाऊ विमानें उडविलीं, असें मीं म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें वाटेल. परंतु तें खरें आहे. ही माती तेल आणि मळ ओढून घेते, एवढें धोब्यांस व लोकर धुणाऱ्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. मात्र अशा मातींत आम्ल दडलेलें असतें, आणि योग्य संस्कार केल्यास तें गंधकाच्या तीव्र तेजाबाच्या पंक्तीस बसूं शकतें, हें विसाव्या शतकांतच उमगलें. उमगल्यावरहि एक कोडें उरलें. ह्या घन आम्लाचें आणि पाण्याचें नातें मैत्रीचें कीं वैराचें? त्या कोड्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम एक घरगुती प्रयोग पाहूं. लिंबाच्या सत्त्वाचा कोरडा खडा कोरड्या निळ्या लिटमस कागदावर ठेवला, तर कागद निळाच राहतो. वर पाण्याचा एक थेंब टाकला कीं तो तांबडा होतो. आम्लाचें आम्लपण म्हणजे हायड्रोजनचा विद्युद्भारित कण, ज्यास प्रोटॉन म्हणतात, तो दुसऱ्यास देऊन टाकण्याची वृत्ति. आणि ह्या दानाचा स्वीकार करावयास शाळेंतल्या प्रयोगांत पाणीच पुढें येतें. मग जें आम्ल मातीच्या कणांत बसलें आहे आणि पांचशें अंशांच्या भट्टींत काम करीत आहे, तेथें पाण्याचा थेंब कोठला? तेथें आम्लपणाचा अर्थ तरी काय राहिला?

कथेचा आरंभ हॉलंडांत होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील चार रसायनज्ञांनीं मद्यार्काची वाफ तापलेल्या मातीच्या नळींतून नेली, तेव्हां मद्यार्कांतलें पाणी सुटून बाजूस झालें आणि इथिलीन नांवाचा वायु हातीं आला. ह्या शोधाकडे पुढें शंभर वर्षें फारसें कोणी पाहिलें नाहीं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रशियांत इपातीव्ह ह्यांनीं तोच अनुभव पुन्हां घेतला, आणि मातींतला अ‍ॅल्युमिना हा घटक हें काम करतो असें दाखविलें. अशा पदार्थास आपण उत्प्रेरक म्हणतों. स्वतः न झिजतां दुसऱ्यांची गांठ घालून देणारा तो मध्यस्थ होय. ‘न झिजतां’ हे शब्द अर्थात् पाठ्यपुस्तकांतले. कारखान्यांतला मध्यस्थ झिजतो, आणि त्याच्या झिजण्यांत पाण्याचा हात किती, हें पुढें दिसेलच. इपातीव्हांच्या अ‍ॅल्युमिनावरसुद्धां तेंच घडतें. मद्यार्कांतून सुटलेलें पाणी त्याच पृष्ठभागावर ठाण मांडतें आणि पुढच्या मद्यार्काची वाट अडवितें.

ह्या विषयास व्यवहाराची धार आणली ती यूजीन हूड्री ह्या फ्रेंच गृहस्थानें. पॅरिसजवळच्या दोमों गांवीं १८९२ सालीं जन्मलेला हा यंत्रविद्येचा पदवीधर पहिल्या महायुद्धांत रणगाड्यांच्या दलांत लढून जखमी झाला होता, आणि त्यास शर्यतीच्या मोटारींचा नाद होता. चांगल्या मोटारीस चांगलें पेट्रोल हवें, आणि फ्रान्सांत तर खनिज तेलाचें दुर्भिक्ष. म्हणून जड, चिकट तेल फोडून त्याचें हलकें पेट्रोल करण्याच्या मागें तो लागला. नाना पदार्थ तपासून पाहिल्यावर १९२७ सालीं त्यास असें आढळलें कीं आम्लानें धुतलेल्या एका जातीच्या मातीवरून तेलाची वाफ नेली, तर उत्तम पेट्रोल मिळतें. पुढें तो अमेरिकेंत गेला. १९३६ सालीं न्यू जर्सींतील पॉल्सबरो येथें आणि १९३७ सालीं पेनसिल्व्हानियांतील मार्कस हूक येथें त्याच्या पद्धतीचे कारखाने सुरू झाले. दुसऱ्यांत दररोज सुमारें १२,००० पिंपें तेल फोडलें जात असे. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत दोस्तांच्या विमानांस लागणारें उंची पेट्रोल ह्या मातीनेंच मोठ्या प्रमाणावर पुरविलें. हूड्री स्वतः स्वतंत्र फ्रान्सच्या बाजूनें अमेरिकेंत खटपट करीत होता, म्हणून व्हिशी सरकारनें त्याचें नागरिकत्वच काढून घेतलें!

हूड्रीच्या मातीची एक खोड होती. दहा-पंधरा मिनिटांत तिच्यावर कोळशाची पुटें चढत, आणि ती आंधळी होई. मग हवा सोडून तो कोळसा जाळावयाचा, कीं माती पुन्हां कामास तयार. परंतु ह्या कोळशांत हायड्रोजनहि असतो. तो जळला म्हणजे वाफ होते. दिवसांतून कितीएक वेळां, पांचशें-सहाशें अंशांवर, मातीस वाफेचें स्नान घडूं लागलें. १९४२ सालीं लुइझियानांतील बॅटन रूज येथें नवी पद्धत आली, तींत उत्प्रेरकाची भुकटी पाण्यासारखी नळांतून वाहूं लागली. तींत तर कणांस चिकटलेलें तेल सोडविण्यासाठीं मुद्दामच वाफ सोडतात. कारखानदारांस अनुभव आला तो हा कीं कोळसा जळून जातो, पण वाफेनें केलेलें नुकसान भरून येत नाहीं. कणांतलीं सूक्ष्म छिद्रें बुजतात, पृष्ठभाग आक्रसतो, आणि माती म्हातारी होते. ह्या बाजूनें पाहतां पाणी म्हणजे निव्वळ शत्रु.

प्रयोगशाळेंत मात्र दुसरेंच चित्र उमटत होतें. गेयर ह्यांनीं १९३३ सालीं सिलिकावर थोडा अ‍ॅल्युमिना बसवून उत्प्रेरक केला, आणि त्याची शक्ति त्याच्या आम्लतेंत आहे असें सुचविलें. ती आम्लता येते कोठून, ह्याचा सुबोध उलगडा १९४९ सालीं टॉमस ह्यांनीं मांडला. सिलिकांत प्रत्येक सिलिकॉनच्या भोंवतीं चार ऑक्सिजन असतात, आणि देण्याघेण्याचा हिशेब चोख जुळतो. त्या घरांत सिलिकॉनच्या जागीं अ‍ॅल्युमिनियम येऊन बसलें, कीं एका भाराची तूट पडते, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या हातीं देण्यासारखें तीनच. ती तूट भरून काढावयास जो प्रोटॉन जवळ राहतो, तोच ह्या मातीचा आम्लकण.

येथें पाणी पुन्हां दाराशीं आलें. हॅन्सफर्ड ह्यांनीं १९४७ सालीं तेल फुटण्याच्या क्रियेची जी मीमांसा केली, तींत उत्प्रेरकावर उरलेल्या अत्यल्प पाण्यास त्यांनीं महत्त्वाचें स्थान दिलें. पुढच्या आठ-दहा वर्षांत हिंडिन, मिल्स व ओब्लॅड ह्यांनीं, तसेंच हाल्डमन व एमेट ह्यांनीं केलेल्या प्रयोगांत हें स्पष्ट दिसलें. फार कडक तापवून अगदीं कोरडा केलेला उत्प्रेरक कांहीं क्रियांच्या बाबतींत जवळजवळ निर्जीव होतो. त्यावर वजनाच्या शंभराव्या हिश्शाहून किती तरी कमी पाणी घातलें, कीं त्यास जीव येतो. आणखी घातलें, कीं पुन्हां मंदावतो. त्याच सुमारास मँचेस्टर येथें पोलानी, प्लेश व त्यांचे सहकारी बोरॉन ट्रायफ्लुओराइड नांवाच्या वायूवर प्रयोग करीत होते. हा मातीचा भाईबंद नव्हे. पण पूर्ण कोरडा केल्यावर तोहि आयसोब्युटीनची सांखळी जुळवीनासा झाला, आणि पाण्याचा लेश मिळतांच काम करूं लागला. पुष्कळशा जुन्या प्रयोगांतील यश भांड्याच्या कांचेवर राहिलेल्या ओलाव्याचें होतें, हें तेव्हां लक्षांत आलें. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचें श्रेय भलत्याचें होतें हें मान्य करणें संशोधकास सुखाचें नसतें. ह्या मंडळींनीं तें मोकळेपणानें केलें.

मग वादास तोंड फुटलें. १९२३ सालीं आम्लाच्या दोन व्याख्या पुढें आल्या होत्या. डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेडच्या मतें आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा. अमेरिकेच्या लुईसच्या मतें आम्ल म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी घेणारा. मातींतलें आम्ल कोणत्या पंथाचें? १९५० च्या सुमारास विद्वानांत दोन तट पडले, आणि दोघांकडेहि पुरावा होता. ह्याचा निकाल लावण्यास अवरक्त किरणांचें साहाय्य झालें. मेप्स व आयशेन्स ह्यांनीं १९५४ सालीं अमोनिया आणि पॅरी ह्यांनीं १९६३ सालीं पिरिडीन हे पदार्थ उत्प्रेरकावर बसवून त्यांची किरणलिपि वाचली. पिरिडीननें प्रोटॉन घेतला असेल तर १५४० ह्या अंकाजवळ खूण उमटते, आणि तें लुईसच्या जागीं चिकटलें असेल तर १४५० जवळ. एकाच मातीवर दोन्ही खुणा दिसल्या! मौज पुढेंच आहे. त्यावर किंचित् पाणी सोडलें, तेव्हां लुईसची खूण ओसरूं लागली आणि ब्रॉन्स्टेडची वाढूं लागली. उलट १९६५ सालीं यूटरहोवेन, क्रिस्टनर व हॉल ह्यांनीं ज्या स्फटिकावर काम केलें, त्यांत तापमान चढवितां चढवितां दोन-दोन प्रोटॉन-जागा मिळून एक पाण्याचा रेणु निसटतो व मागें एक लुईसची जागा उरते, असा हिशेब जुळला. म्हणजे दोन तटांमध्यें जें भांडण होतें, त्याचा बराचसा भाग एवढाच होता कीं आपापला नमुना कोणीं किती वाळविला.

आम्ल किती, ह्याबरोबर तें किती जहाल हाहि प्रश्न होता. वॉलिंग ह्यांनीं १९५० सालीं व बेनेसी ह्यांनीं १९५६ नंतर रंग पालटणारे पदार्थ कोरड्या मातीवर टाकून तिचा जोर अजमावला, आणि तो नव्वद टक्के गंधकी तेजाबाच्या तोडीचा निघाला. तीच माती ओली करा, रंग फिका पडतो. ह्याचें कारण असें. पाणी पुष्कळ असेल तर प्रोटॉन पाण्याच्या स्वाधीन होतो, त्यापासून हायड्रोनियम बनतो, आणि मूळचा दाता जहाल होता कीं मवाळ, ह्यास महत्त्व उरत नाहीं. सर्व तीव्र आम्लें पाण्यांत एका पातळीवर येतात. परंतु मातीच्या थरांमध्यें जें मोजकें पाणी अडकून राहतें, त्याची गोष्ट न्यारी आहे. बेल्जममधील फ्रिपिया व अमेरिकेंतील मॉर्टलंड ह्यांनीं दाखविलें कीं धातूच्या आयनांच्या जबरदस्त ओढीखालीं सांपडलेलें हें थोडेंसें पाणी स्वतःच सहजगत्या दुभंगून प्रोटॉन देऊं लागतें. माती जसजशी सुकते, तसतशी ह्या शिल्लक पाण्याची आम्लता वाढते. मला ह्या सर्व इतिहासांत हा शोध सर्वांत मोलाचा वाटतो. कारण येथें पाणी घेणारेंहि आहे आणि देणारेंहि.

आतां ज्या स्फटिकाचा मघां उल्लेख केला, त्याकडे वळूं. स्वीडनच्या क्रोनस्टेटनें १७५६ सालीं एक खनिज फुंकणीच्या ज्योतींत धरलें, तेव्हां तें उकळल्यासारखें फसफसलें. त्यानें ग्रीक शब्द जोडून त्यास ‘उकळता दगड’ अशा अर्थाचें झिओलाइट हें नांव दिलें. फसफसणें होतें तें त्याच्या पोकळ्यांत भरलेल्या पाण्याचें. ह्या कुळांतले सुंदर स्फटिक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या पोटांत विपुल आहेत. भोरघाटांतून लोहमार्ग काढतांना सुरुंगांनीं ते उघडे पडले, आणि आज जगांतल्या मोठमोठ्या संग्रहालयांत पुणें-नाशिककडचे नमुने मांडलेले दिसतात. तेलाच्या कारखान्यांत मात्र हे आपले स्फटिक चालत नाहींत. त्यांचे दरवाजे अरुंद. त्यासाठीं फॉजासाइट नांवाच्या दुर्मिळ जातीच्या धर्तीवर मोठ्या दारांचे झिओलाइट अमेरिकेंत मिल्टन, ब्रेक प्रभृतींनीं १९५० च्या आसपास व नंतर कृत्रिम रीतीनें घडविले.

चार्ल्स प्लँक व एडवर्ड रोझिन्स्की ह्या दोघांनीं १९६० नंतर लवकरच त्यांतील सोडियम काढून दुर्मिळ मृत्तिकांचे धातु बसविले. प्रोटॉन येथें कसा निपजतो पाहा. लँथॅनमसारखा तीन भारांचा आयन शेजारच्या पाण्याच्या रेणूस ओढतो. रेणु फुटतो, त्याचा हायड्रॉक्सिल भाग धातूजवळ राहतो, आणि प्रोटॉन स्फटिकाच्या भिंतीस जाऊन बिलगतो. म्हणजे जगाच्या पेट्रोलाचें गणित ज्यानें पालटलें, त्या उत्प्रेरकाचें आम्ल मूळचें पाण्यांतूनच आलेलें! वाइझ व मियाले ह्यांनीं १९६५ सालीं अशा कांहीं स्फटिकांची शक्ति जुन्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाच्या दहा हजार पटींहून अधिक असल्याचें नमूद केलें. इतका उतावळा नोकर कारखान्यास परवडत नाहीं. म्हणून त्यास वाफ देऊन मवाळ करण्याची युक्ति निघाली, आणि जिला कारखानदार भीत होते तीच वाफ हत्यार म्हणून हातीं आली.

वाफेची खरी करामत उघडकीस आली ती एका ढिगाच्या उंचीवरून. वाय जातीच्या झिओलाइटांत अमोनियम घालून तो तापविला, कीं अमोनिया उडून जातो व प्रोटॉन मागें राहतो. कृति सोपी, पण एका प्रयोगशाळेंतला माल ठिसूळ निघे, ओलाव्यानें नि उष्णतेनें कोसळून पडे, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेंतला तोच माल हजार अंशांच्या आसपासहि टिके. घटक तेच, प्रमाण तेंच. मॅक्डॅनिएल व माहर ह्यांनीं अतिस्थिर झिओलाइट म्हणून ह्या दुसऱ्या प्रकाराची माहिती १९६७ सालीं लंडनच्या परिषदेंत दिली. तो असा कां होतो, ह्याचा उलगडा मोबिल कंपनींतील जॉर्ज कर ह्यांनीं केला. ज्यानें भुकटी ताटलींत पातळ पसरली, त्याची वाफ तत्काळ निघून गेली. ज्यानें ती खोल भांड्यांत दाबून भरली, त्याच्या ढिगांत स्फटिकांतून निघालेलें पाणी कोंडून राहिलें. त्या कोंडलेल्या वाफेनें भिंतींतलीं कांहीं अ‍ॅल्युमिनियमें उपटून बाहेर काढलीं, आणि रिकाम्या झालेल्या कोनाड्यांत हळूहळू सिलिका येऊन भिंत सांधली गेली. आम्लाच्या जागा कमी झाल्या खऱ्या. पण ज्या उरल्या त्या एकमेकींपासून दूर, आणि म्हणून अधिक जोरकस. कागदावरच्या कृतींत ढिगाची उंची लिहिण्याचें कोणास सुचलेंच नव्हतें. आज जगांतल्या तेल-शुद्धीकरणाच्या कारखान्यांत हाच वाफाळलेला वंश राबतो आहे.

पुढें झेड्-एस्-एम्-५ नांवाचा अधिक चिवट झिओलाइट आला. त्यास हलक्या हातानें वाफ दिली तर हेक्झेन फोडण्याची त्याची शक्ति वाढते, असें लागो, हाग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं दाखविलें. हात जड पडला तर ती जाते. न्यूझीलंडमध्यें १९८५ पासून कांहीं वर्षें ह्याच झिओलाइटावर मेथॅनॉलपासून पेट्रोल करीत. त्या क्रियेचा हिशेब मांडून पाहा. बत्तीस शेर मेथॅनॉलांतून चौदा शेर हायड्रोकार्बन आणि अठरा शेर पाणी. पेट्रोलाच्या कारखान्यांत पेट्रोलाहून पाणीच अधिक! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें १९८० नंतरच्या दशकांत मद्यार्क व बेंझीन ह्यांची झिओलाइटावर गांठ घालून इथिलबेंझीन करण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिच्यांतहि मद्यार्काच्या वजनाचे सुमारें चाळीस टक्के पाणी होऊनच बाहेर पडतें. अशा ठिकाणीं पाणी टाळण्याचा प्रश्नच नसतो. त्याच्या संगतींत टिकेल असें आम्ल शोधावें लागतें. जपानांत तानाबे, ओकुहारा प्रभृतींनीं नायोबिक आम्लासारखीं जलसहिष्णु घन आम्लें त्याकरितांच हुडकलीं.

एकच पाण्याचा रेणु झिओलाइटांतल्या प्रोटॉनजवळ आला तर तो प्रोटॉन हिरावून घेतो कीं नुसता हात धरून उभा राहतो, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्यावर बरींच वर्षें वाद चालला. १९९६ सालीं स्मिथ, चीथॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका तत्सम स्फटिकांत न्यूट्रॉनांच्या साहाय्यानें पाहिलें, तों दोन्ही प्रकार एकत्र नांदतांना आढळले. रेणु अधिक जमले, कीं मात्र प्रोटॉन त्यांच्या घोळक्यांत जातो. ह्यावरून घन आम्ल पाण्यांत गेलें कीं संपलें, असा तर्क पुष्कळ जण करीत. २०१७ सालीं म्यूनिकचे लेर्चर व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्यास छेद दिला. झिओलाइटाच्या चिंचोळ्या पोकळींत कोंडलेला हायड्रोनियम सायक्लोहेक्झॅनॉलांतलें पाणी मोकळ्या पाण्यांतल्या हायड्रोनियमपेक्षां बऱ्याच अधिक वेगानें काढतो, असें त्यांना दिसलें. आम्ल तेंच, पण घर वेगळें.

इतकें असूनहि पाण्यानें आणखी एक चकवा राखून ठेवला होता. लांकूड, भुसा, उसाचें चिपाड ह्यांपासून इंधन करावयाचें तर काम दीडशें-दोनशें अंशांच्या कढत, द्रवरूप पाण्यांत करावें लागतें. राव्हनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं अशा पाण्यांत वाय झिओलाइट ठेवून पाहिले. वाफ अ‍ॅल्युमिनियम उपटते. हें कढत पाणी सिलिकेचेच दुवे तोडतें. म्हणून वाफेपुढें अजिंक्य ठरलेले, अ‍ॅल्युमिनियम कमी केलेले नमुनेच ह्या पाण्यांत आधीं ढांसळले, आणि ज्यांत अ‍ॅल्युमिनियम अधिक होतें ते अधिक टिकले! अतिस्थिर हें नांव ज्यांनीं दिलें त्यांनीं फक्त वाफ पाहिली होती. आजहि एखाद्या उत्प्रेरकाची आम्लता सांगतांना ती बहुधा निर्वात, भाजून कोरड्या केलेल्या नमुन्यावर मोजलेली असते, आणि तोच उत्प्रेरक भट्टींत वाफेच्या लोटांत किंवा भांड्यांत पाण्याखालीं काम करीत असतो. त्या आंकड्यावरून कारखान्याचा अंदाज बांधणारा पुष्कळदां फसतो. त्यामुळें पेट्रोलाच्या कामाचा नवा उत्प्रेरक कारखान्यांत घालण्यापूर्वीं आठशें अंशांच्या आसपास तासन् तास वाफेंत ठेवून मुद्दाम म्हातारा करतात, आणि मग त्याची परीक्षा घेतात.

प्रयोगशाळेंतला एक लहानसा रिवाज सांगून हें भाषण पुरें करतों. झिओलाइटाची भुकटी तोलावयाची झाली, तर ती कोरडी करून तोलीत नाहींत. ती तराजूच्या पारड्यांतच हवेंतला ओलावा पिऊं लागते व वजन चढत जातें. मुंबईच्या पावसाळ्यांत तर विचारूंच नका. म्हणून ती मिठाच्या संपृक्त द्रावणावर झांकून ठेवतात, पोटभर पाणी पिऊं देतात, आणि वजन स्थिर झालें म्हणजे तोलतात. वाय झिओलाइटाच्या अशा वजनांत सुमारें चौथा हिस्सा पाण्याचा असतो, आणि तो हिशेबांतून वजा करावा लागतो.